मणक्याचं ऑपरेशन आत्ता की चौदाव्या वर्षी?

पत्र: डॉक्टरताई, मी सोलापुरात घरीच शाळेचे गणवेश शिवते. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मुलगी साडेचार वर्षांची. दिवाळीला तिला फ्रॉक शिवला, तर घेर एका बाजूला वर उचललेला. उसवून परत शिवला तरी तेच. मग ध्यानात आलं, फ्रॉक सरळ आहे, पाठच तिरकी आहे. एक्स-रेमध्ये कमरेच्या वरच्या अंगाला एक मणका अर्धाच असल्याचं निघालं. तेव्हा बाक २८ अंश होता, आता नऊ महिन्यांनी ३६ सांगतात. पुण्याचे सर्जन म्हणतात, एमआरआय करा, मग तो अर्धा मणका काढून स्क्रू बसवू. इथले एक डॉक्टर म्हणाले, पट्टा लावा, चौदाची झाली की बघू. सासूबाई म्हणतात, मी ग्रहणात सुई-कात्री धरली म्हणून असं झालं. सासरे हाडवैद्याकडे चला म्हणतात. मालकांच्या मावसभावाच्या मुलाचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं, त्याचा आतला रॉड मोडला आणि पाठ पुन्हा उघडावी लागली. आमची लेक अंगणवाडीत पळते, खेळते, तिला काही दुखत नाही. चालत्या-फिरत्या लेकराला सुरी का लावायची? पाय गेले तर? पुढं लग्नाचं काय? आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नको? – एक आई

ताई,

चौदा वर्षांपर्यंत थांबू नका. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्या, असंही मी म्हणणार नाही. मधे काही कामं आहेत, ती आधी उरकायची आणि मग ठरवायचं. मी बालरोगतज्ज्ञ आहे, मणक्याची सर्जन नाही, त्यामुळे कुठला स्क्रू कुठं बसवायचा हे माझ्याकडून ऐकू नका. पण अशा मुलांचे आईबाप कुठं अडकतात ते मला ठाऊक आहे, आणि तुम्ही नेमक्या तिथंच अडकला आहात.

आधी ग्रहणाचं बघू, कारण ते ओझं डोक्यावर असताना पुढचं काही तुमच्या कानात शिरणार नाही. बाळाचे मणके घडतात ते गर्भ राहिल्यावर साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. तेव्हा पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात आलेलं असतं, काहींच्या तेही नाही. ग्रहण कधी आहे, कात्री कुठं ठेवायची, हे कुणी सांगायच्या आतच हा मणका अर्धा राहून गेलेला असतो. दर हजार जन्मांमागे साधारण एका बाळाच्या कण्यात असा जन्मजात दोष असतो. ग्रहणभर अंधाऱ्या खोलीत पाय लांब करून पडून राहिलेल्या बायकांनाही अशी बाळं होतात. सासूबाईंना एवढा भाग मोठ्यानं वाचून दाखवा. त्या वाईट नाहीत, घाबरल्या आहेत, आणि घाबरलेलं माणूस कारण शोधत बसतं.

आता मणक्याकडे येऊ. तुम्ही शिवणकाम करता म्हणून सांगायला सोपं जातं. सरळ झग्याला एकाच बाजूनं कळी लावली तर काय होईल? ती बाजू लांब होईल आणि कापड दुसरीकडे वळेल. अर्धा मणका हे तेच करतो. फरक एवढाच, की ही कळी दर वर्षी वाढते. मणक्याच्या वर आणि खाली वाढीच्या चकत्या असतात. अर्ध्या मणक्याला त्या एकाच बाजूला असतात, म्हणून ती बाजू जास्त वाढते आणि पाठ विरुद्ध बाजूला झुकत जाते. लेकीचं बसणं-उठणं, दप्तर उचलणं यातल्या कशानंही हे झालेलं नाही. ‘ताठ बस’ म्हणून तिच्यावर ओरडू नका.

पण सगळे अर्धे मणके सारखे वागत नाहीत. एखादा वरच्या किंवा खालच्या मणक्याला जन्मतःच चिकटलेला असतो, तो हळू वाढतो किंवा वाढतच नाही. अशी मुलं मी नुसत्या देखरेखीवर मोठी होताना पाहिली आहेत. एखादा वरून-खालून पूर्ण सुटा असतो, दोन्हीकडे चांगली चकती असलेला. तो बाक वाढवत नेतो. सगळ्यांत वाईट म्हणजे एका बाजूला अर्धा मणका आणि विरुद्ध बाजूला मणके हाडाच्या पट्टीनं एकमेकांना जखडलेले. त्यात एक बाजू वाढते, दुसरी अजिबात वाढत नाही, आणि बाक वर्षाला पाच-दहा अंशांनी किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. तिथं वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. तुमच्या लेकीचा मणका यातला कुठला, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. पुण्याला गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा. ‘आत्ता की नंतर’ याचं निम्मं उत्तर त्यात आहे, वयात नाही.

२८ वरून ३६ ऐकून छाती दडपते, मला कळतं. पण जन्मजात वाकड्या मणक्यांच्या कडा स्पष्ट नसतात, म्हणून एकच फिल्म दोघांनी मोजली तरी आठ-दहा अंशांचा फरक पडू शकतो. पहिला एक्स-रे झोपवून काढला असेल आणि दुसरा उभं करून, तर उभ्याचा आकडा आपोआपच जास्त येतो. म्हणून दोन्ही फिल्म एकाच सर्जनपुढं ठेवा आणि त्याच मणक्यांवर रेघा मारून पुन्हा मोजायला सांगा. खरंच वाढलेला असेल तर ऑपरेशनकडे पाऊल टाकायला सबळ कारण आहे. मोजणीचाच फरक निघाला आणि मणका चिकटलेला असला, तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा उभ्याचा एक्स-रे काढून बघता येतं. तारीख ठरवून थांबणं वेगळं आणि ‘चौदाची झाली की बघू’ वेगळं. जुन्या फिल्म फेकू नका, गादीखाली चेपून ठेवू नका.

एमआरआयबद्दल मात्र माझ्याकडून सूट नाही. ज्या आठवड्यांत मणके घडतात त्याच आठवड्यांत मूत्रपिंडं, हृदय आणि मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या नळीतून जाणारी मुख्य नस, हेही घडत असतं. अशा मुलांपैकी साधारण तिसऱ्या-चौथ्या मुलाच्या मज्जारज्जूत काही ना काही दोष सापडतो. ती खाली ओढून बांधल्यासारखी असते, दुभंगलेली असते किंवा तिच्यात पाण्याची पोकळी असते. हे न बघता कणा सरळ करायला गेलं तर बांधलेली नस ताणली जाते आणि पाय अधू व्हायची भीती तिथं असते. म्हणजे तुमच्या ‘पाय गेले तर?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर एमआरआयमध्येच आहे, आणि घरचे नेमकं तेच टाळायला निघालेत. इतक्या लहान मुलीला मशीनमध्ये निश्चल ठेवायला हलकी भूल द्यावी लागते. भूलतज्ज्ञ हजर असला आणि उपाशी ठेवण्याची वेळ नीट पाळली, तर हे रोजचं काम आहे. त्यासोबत पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाचा टू-डी इको करून घ्या. किडनीचा दोष साधारण पाचव्या मुलात सापडतो. या दोन तपासण्या सोलापुरातही होतात, त्यासाठी पुण्याला खेप नको. आणि आज आंघोळ घालताना बघा: कमरेच्या मध्यावर केसांचा झुपका, खळगा किंवा डाग आहे का? एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान आहे का? बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का? असलं काही दिसलं तर सर्जनना आधी ते सांगा.

पट्ट्यात पैसे घालू नका. हाडाचा आकारच वेगळा आहे, तो बाहेरून दाबून बदलत नाही. क्वचित तोल सावरायला वर-खाली तयार झालेल्या जोडबाकासाठी पट्टा देतात, पण मूळ बाक त्यानं थांबत नाही. चैत्र-वैशाखात सोलापूरच्या उन्हात तो घालून लेकरू नुसतं घामोळ्यानं भरेल. ऑपरेशननंतर काही महिने पट्टा देतात ते हाड जुळेपर्यंत आधार म्हणून, ते वेगळं. हाडवैद्याबद्दल सासऱ्यांना एवढंच सांगा, की निखळलेलं बसवता येतं, इथं काही निखळलेलंच नाही. आत नस बांधलेली असेल आणि कुणी पाठीवर गुडघा देऊन दाबलं तर काय होईल, याचा विचार त्यांनीच करावा. तेलानं हलकी मालीश करायची असेल तर खुशाल करा.

आता चौदा वर्षांचं. हा सल्ला कुठून येतो ते मला माहीत आहे. वयात येताना कारण न कळता होणारा जो पाठीचा बाक असतो, त्याला पट्टाही लावतात आणि वाढ संपत आल्यावर ऑपरेशनही करतात. तो आजार वेगळा. तुमच्या लेकीचा कणा पहिल्या पाच वर्षांत जोरात वाढतो, मग जरा संथ होतो आणि वयात येताना पुन्हा उसळी घेतो. सुटा अर्धा मणका तसाच ठेवून ही उसळी पार करायची म्हणजे बाक वाढणार, ताठर होणार आणि तोल सावरायला वर-खाली तयार झालेले बाकही कायमचे होणार. मग आज जे काम दोन मणक्यांत भागतं, त्यासाठी तेव्हा आठ-दहा मणके जखडावे लागू शकतात. हाड जास्त कापावं लागतं, रक्त जास्त जातं आणि नसेला धोकाही वाढतो. ऑपरेशनची गुंतागुंत सगळे मोजतात, थांबण्याचीही गुंतागुंत असते ती कुणी मोजत नाही. पुण्याच्या सर्जनचा सल्ला मला पटतो तो यासाठी.

‘इतक्या लहानपणी मणके जोडले तर उंची खुंटेल’ असंही कुणीतरी म्हणेल, म्हणून हिशोबच मांडते. वाढत्या वयात एक मणका वर्षाला सुमारे ०.०७ सेंटीमीटर वाढतो, कमरेचा थोडा जास्त. दोन मणके जोडले आणि वाढीची दहा वर्षं उरली असली, तर दीड, फार तर दोन-अडीच सेंटीमीटर. वाकलेल्या पाठीत याहून जास्त उंची वाया जाते. हा हिशोब कमरेजवळच्या लहान ऑपरेशनचा आहे. छातीचे बरेच मणके लहानपणीच जखडले तर गोष्ट वेगळी, तिथं उंचीपेक्षा फुप्फुसांचा प्रश्न येतो.

आणि इथंच मावसभावाचा मुलगा आठवायचा. त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याला वाढते रॉड बसवले असावेत. छातीच्या भागात लांब बाक असेल, बरगड्या चिकटलेल्या असतील, तर लहान वयात सगळं जोडून टाकता येत नाही, कारण फुप्फुसातले हवेचे कप्पे साधारण आठ वर्षांपर्यंत वाढत असतात आणि त्यांना छातीत जागा लागते. म्हणून वर आणि खाली पकड देऊन मधे रॉड ठेवतात आणि दर सहा महिन्यांनी तो थोडा लांबवतात. अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट कॅम्पबेल यांनी बरगड्यांना धरून छाती उघडत नेणारं साधन बनवलं, त्याला तिथं २००४ मध्ये मान्यता मिळाली, तेही याच विचाराचं. या पद्धतीत हाड जुळत नाही आणि धातू वर्षानुवर्षं वाकत राहतो, म्हणून रॉड मोडणं, पकड सुटणं, जखम चिघळणं हे प्रकार वारंवार होतात. ते सर्जनना आधीच ठाऊक असतं आणि तरी करावं लागतं, कारण न करण्यात मुलाचा श्वास जातो. तुमच्या लेकीसाठी सुचवलेलं ऑपरेशन याहून निराळं आहे. ‘पाठीचं ऑपरेशन’ एवढ्या एका नावाखाली ही दोन्ही एकत्र करू नका.

तिचं काय करतील ते ऐका. पालथं झोपवून कमरेच्या वरच्या भागात काही इंचांचा छेद घेतात, अर्धा मणका चकत्यांसकट काढतात, वरच्या आणि खालच्या मणक्यात स्क्रू बसवून छोट्या रॉडनं फट मिटवतात. दोन मणके मिळून पुढं एक हाड होतं. काम काही तासांचं. नंतर एखादी रात्र अतिदक्षता विभागात, थोड्या दिवसांत उभं करतात आणि सगळं ठीक असेल तर आठवडाभरात घरी. साधारण तीन महिने पट्टा किंवा प्लास्टर.

काय बिघडू शकतं ते लपवत नाही. कण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं लहान मुलांच्या ऑपरेशनांच्या नोंदी २०११ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत जन्मजात बाकाच्या शंभर ऑपरेशनांमागे दहा-अकरांत काही ना काही गुंतागुंत झाली आणि सुमारे दोघांत नसेला नवी इजा झाली. हे सगळ्या तऱ्हेच्या ऑपरेशनांचे आकडे आहेत, अवघडही आणि सोपीही. नसेची इजा म्हणजे दर वेळी कायमचे पाय जाणं असंही नाही, काही मुलं सावरतात. पण दोन म्हणजे शून्य नव्हे. म्हणून सर्जनना विचारा, ऑपरेशन चालू असताना नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र, न्यूरोमॉनिटरिंग, असणार ना? त्यात डोक्याला आणि पायांना तारा लावून संदेश पोचतोय का ते सतत बघतात. संदेश मंदावला की सर्जन हात थांबवतात, रक्तदाब वाढवतात, ताण सैल करतात. मोठ्या मुलांत भूल हलकी करून ‘पाय हलव’ असं सांगूनही तपासता येतं, साडेचार वर्षांच्या पोरीत ते जमत नाही. म्हणून ते यंत्र आणि ते चालवणारा माणूस नसेल, तर मी माझी मुलगी तिथं ठेवणार नाही.

रक्ताचंही ऐकून ठेवा. पंधरा किलोच्या मुलीच्या अंगात सगळं मिळून साधारण सव्वा लिटरच्या आतच रक्त असतं. मोठ्या माणसात किरकोळ वाटणारं पाव लिटर तिच्यात पाचवा हिस्सा होतो. म्हणून हिमोग्लोबिन आत्ताच तपासा, कमी असेल तर लोहाचं औषध आजपासूनच, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नव्हे. लहान मुलांचं हाड मऊ आणि मणक्याचे खांब, म्हणजे ज्यांतून स्क्रू जातो ते भाग, बारीक, म्हणून स्क्रू सुटून येणं किंवा हाड चिरणं हे पहिल्या काही महिन्यांत घडतं आणि तेव्हा पुन्हा उघडावं लागतं. पट्टा आळसानं काढून ठेवायचा नाही तो यासाठी. जखमेवर हळद, तेल, भस्म काही नको. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायात कमजोरी, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता सर्जनना फोन. आणखी एक गोष्ट क्वचित कुणी सांगतं. पाठ सरळ झाल्यावर बारीक अंगाच्या मुलांत आतड्याचा पहिला भाग कधीकधी दाबला जातो आणि हिरव्या उलट्या सुरू होतात. ती भुलेची मळमळ समजून घरी बसू नका.

वर्षानंतरची गुंतागुंत संथ असते. जोडलेल्या भागाच्या वर किंवा खाली नवा बाक येतो, हाड नीट जुळलं नाही तर रॉड मोडतो, वरचा भाग पुढं झुकायला लागतो. हे फक्त एक्स-रेत आधी दिसतं. माझ्या ओळखीचे बरेच आईबाप पहिलं वर्ष नेमानं जातात, मग लेकरू धडधाकट दिसतं, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसतं आणि तपासणी सुटते. तिची वाढ संपेपर्यंत, म्हणजे पाळी सुरू झाल्यानंतरही साधारण दोन वर्षं, ठरल्या वेळी दाखवायचं आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांना नेमकं विचारा: हे ऑपरेशन यादीत आहे का, स्क्रू-रॉड आणि न्यूरोमॉनिटरिंगचा खर्च त्यातच की वेगळा? उत्तर लिहून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडीताईंना सांगून मुलीचं नाव तिथं नोंदवा, मोठ्या रुग्णालयात पाठवायच्या पत्राची सोय होते.

लग्नाचं विचारलंत म्हणून एकच वाक्य: कमरेच्या वर एक व्रण आणि सरळ पाठ असलेली मुलगी संसारही करते आणि तिला बाळंतपणही होतं. फक्त कमरेतून भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना स्क्रूबद्दल सांगावं लागतं. साडेचार वर्षांच्या पोरीच्या पाठीचा निर्णय न आलेल्या स्थळाकडे बघून घेऊ नका.

दुसऱ्या मुलाचा विचार जरूर करा. एकच अर्धा मणका आणि बाकी सगळं ठीक असेल, तर पुढच्या बाळाला तसंच होण्याची शक्यता फार कमी. अनेक मणके आणि बरगड्या बिघडलेल्या निघाल्या, किंवा घरात आणखी कुणाला असं असेल, तर आधी जनुकीय सल्ला घ्या. फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करा. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला जाताना या मुलीचं निदान चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे तपासणारे बाळाचा कणा जास्त बारकाईनं बघतील.